नोव्हेंबरचा उकाडा नेमका कुणाला?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा नैर्ऋत्य कोपरा हिमयुगात हिमनद्यांच्या तावडीतून सुटला. त्यामुळे बाकीचं राज्य सपाट झालं तरी इथले डोंगर आणि दऱ्या शाबूत राहिल्या. उतारांवर ओकची जंगलं, तळाशी ओढे, मोकळ्या जागी मका आणि सोयाबीन. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची, म्हणजे व्हाइटटेलची, खाण्याची आणि लपण्याची दोन्ही सोय इथे आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून इथे धनुष्यबाणाची शिकार खुली होते आणि थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीची. पण शिकारी रजा राखून ठेवतात ती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यासाठी. त्या दिवसांत नर माजावर येतात, आणि एरवी अंधार पडल्याशिवाय झाडीबाहेर न येणारा थोराड नर भरदिवसा माद्यांचा माग काढत फिरतो.

हाच पंधरवडा कधी कधी भलताच उबदार निघतो. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्याच आठवड्यात मिडवेस्टच्या मोठ्या भागात पारा ओळीने काही दिवस 70 फॅरेनहाइटच्या वर होता. असं झालं की गावोगावच्या शिकाऱ्यांत एकच वाद पेटतो : उकाड्याने माज थंडावतो का?

तो वाद इथे दोघांच्या तोंडून मांडला आहे. निखिल मॅडिसनला नोकरी करतो आणि धनुष्याची शिकार इथेच शिकला. त्याचे मामा वसंतराव चंद्रपूर जिल्ह्यात वनक्षेत्रपाल होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरची सगळी नोकरी त्यांनी शिकार रोखण्यात घालवली. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे.

निखिल : मामाजी, हा आठवडा हातचा गेला म्हणायचा. दुपारी 72 होतं. असल्या हवेत नर जागचा हलत नाही. झाडांना शिंगं घासल्याच्या ताज्या खुणा आहेत, खुरांनी जमीन उकरून ठेवलेली आहे, पण उजेडात एकाचंही दर्शन नाही. उकाड्याने माज दाबून टाकलाय.

वसंतराव : 72 म्हणजे आपले 22 अंश. आमच्याकडे एवढ्यात लोक स्वेटर शोधतात, बाबू. आणि उकाड्याने माज दबतो म्हणतोस, तर ताडोबातल्या चितळांना ते कुणीतरी सांगायला हवं. मध्य भारतात चितळांचा माज भरात येतो तो ऐन उन्हाळ्यात. जॉर्ज शॅलर 1960 च्या दशकात कान्ह्यात राहून हरणांचा अभ्यास करून गेला, त्याच्याही नोंदी तेच सांगतात. मे महिन्यात पाणवठ्याजवळ बसलं तर पारा 45 च्या घरात आणि नर मात्र ओरडताहेत, शिंगाला शिंग लावताहेत, माद्यांमागे धावताहेत.

निखिल : चितळाचं उदाहरण इथे चालत नाही. त्याच्या अंगावर बारा महिने पातळ केस. व्हाइटटेल उन्हाळ्याचे तांबूस केस झाडून टाकतो आणि नोव्हेंबर येईतो करडा हिवाळी कोट पुरता चढवतो. वरचे केस जाड आणि पोकळ, खाली दाट लोकर. उणे 20 मध्ये बर्फावर रात्र काढायची तयारी असते ती. त्यात इथला थोराड नर आतडी काढल्यावरसुद्धा 75-80 किलो भरतो. घाम गाळून गार होण्याची सोय नाही, मुख्यतः धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढायची. अशा जनावराला 72 मध्ये मादीमागे डोंगर चढायला लावणं म्हणजे घोंगडी पांघरून वैशाखात नांगर धरायला सांगण्यासारखं आहे.

वसंतराव : कोट मान्य. मग तुमच्याच देशातलं उदाहरण घे. दक्षिण फ्लोरिडात हेच पांढऱ्या शेपटीचं हरीण जुलै-ऑगस्टमध्ये माजावर येतं. दमट उकाडा, डासांचे थवे, आणि तिथला धनुष्याचा हंगामही त्याच सुमारास उघडतो. अलाबामाच्या बऱ्याच भागांत माज जानेवारीत येतो. जात एक, माजाचे महिने निराळे. उकाडा माज थांबवत असता तर फ्लोरिडात एव्हाना एक पाडस दिसलं नसतं.

निखिल : फ्लोरिडातलं हरीण अंगाने लहान असतं. लहान शरीर लवकर निवतं, मोठं शरीर उष्णता धरून ठेवतं. आमच्या नराचा मोठा देह थंडीत त्याला वाचवतो आणि उकाड्यात तोच त्याला नडतो. जात एक असली तरी घडण एक नाही.

वसंतराव : हे बरोबर आहे. पण मग तू दोन प्रश्नांची गल्लत करतो आहेस. नर-मादीचा संयोग होतो का, हा एक प्रश्न. तो तुला दिवसाउजेडी दिसतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पक्कं आहे. इथल्या माजाचं घड्याळ उजेडावर चालतं. दिवस लहान होत जातात, डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाचे तास कमी होतात, मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त काळ पाझरतं. त्या इशाऱ्यावर नराचं टेस्टोस्टेरॉन चढतं आणि मादी ठरल्या सुमाराला माजावर येते. सूर्याला उकाड्याशी देणंघेणं नाही. 10 नोव्हेंबरचा दिवस दर वर्षी तेवढ्याच लांबीचा असतो.

निखिल : हे पुस्तकात ठीक आहे. प्रत्यक्षात कुणी मोजलंय?

वसंतराव : मोजायची पद्धत जुनी आहे. हिवाळ्याच्या शेवटी रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या गाभण माद्या तपासतात. गर्भाच्या कपाळापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी मोजली की त्याचं वय कळतं, आणि वयावरून मागे मोजत गेलं की गर्भधारणेची तारीख निघते. उत्तरेकडच्या राज्यांत या तारखा दर वर्षी त्याच सुमाराला दाटतात, साधारण नोव्हेंबरच्या पूर्वार्धात आणि मध्यावर. चंद्राच्या कलेवर माज मागेपुढे होतो असं सांगणारी शिकारी कॅलेंडरं इथे विकली जातात, तीही या मोजणीपुढे टिकत नाहीत. आणि का टिकावीत? गर्भ जवळपास 200 दिवसांचा. 10 नोव्हेंबरला धरलेला गर्भ मेच्या अखेरीस जन्मतो. आधी जन्मलं तर पाडस थंडीत सापडतं आणि आईच्या दुधाला हिरवा चारा पुरत नाही. उशिरा जन्मलं तर पुढचा हिवाळा सोसण्याइतकं अंग भरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माद्यांची वेळ चुकली त्यांची पाडसं मेली. असं बसलेलं घड्याळ चार उबदार दिवसांनी हलत नाही.

निखिल : मग स्कॉटलंडमधल्या रम बेटाचं काय? तिथल्या लाल हरणांवर अनेक दशकं लक्ष ठेवलेलं आहे. एकेका जनावराची नोंद आहे. तिथे हवा उबदार होत गेली तसा माज आणि पाडसांचा जन्म दोन्ही पूर्वीपेक्षा लवकर व्हायला लागले. म्हणजे घड्याळ हलतं.

वसंतराव : हलतं, पण कशाने ते बघ. उबदार वर्षांत गवत जास्त आणि लवकर मिळालं, माद्यांची अंगं भरली, त्या थोड्या आधी तयार झाल्या. आणि दीर्घ काळात लवकर विणाऱ्या माद्यांचा वंश जास्त टिकला, तोही वाटा त्यात आहे. उजेड खिडकी उघडतो. त्या खिडकीत मादी थोडी अलीकडे की थोडी पलीकडे, हे तिच्या अंगावरच्या मांसावर ठरतं. हा अनेक वर्षांचा परिणाम झाला. या मंगळवारी गरम झालं म्हणून या बुधवारी माज ओसरला, असं त्यातून निघत नाही.

निखिल : आणि काही जातींत घड्याळ हलतच नाही, तिथे वेगळं संकट. फ्रान्समधल्या शॅम्पेन भागात रो हरणांचा असाच लांब अभ्यास झाला. वसंत ऋतू अलीकडे सरकला, पाडसांच्या जन्माच्या तारखा मात्र जागच्या जागी राहिल्या. कोवळा पाला संपत आल्यावर पाडसं येतात आणि कमी जगतात. उद्या इथेही तेच झालं तर?

वसंतराव : तर तो चिंतेचा विषय आहे, आणि तो तुझ्या मचाणावरून दिसणारा नाही. वन्यजीव अभ्यासक आल्डो लिओपोल्डचं नाव तुला इथे जन्मलेल्यांपेक्षा मी जास्त सांगतो. याच राज्यात, विस्कॉन्सिन नदीकाठच्या त्याच्या पडीक शेतावर त्याने 1930-40 च्या दशकांत कोणतं फूल कधी उमललं, कोणता पक्षी कधी आला याच्या तारखा लिहून ठेवल्या. पुढे त्याच्या मुलीने, नीना लिओपोल्ड ब्रॅडलीने, तिथेच राहून तेच काम पुन्हा हाती घेतलं. 1999 मध्ये दोन्ही काळांची तुलना छापली गेली. कितीतरी गोष्टी पूर्वीपेक्षा लवकर घडू लागल्या होत्या. काही मात्र जराही सरकल्या नव्हत्या, कारण त्यांना इशारा उबेचा नव्हता, दिवसाच्या लांबीचा होता. एकाच रानात दोन घड्याळं चालतात आणि त्यांतलं अंतर वाढतं आहे. उबदार नोव्हेंबरची खरी बातमी ती आहे. तुला हरीण दिसलं नाही ही नाही.

निखिल : मला हरीण दिसलं नाही हीच माझ्यासाठी बातमी आहे, मामाजी, आणि ती खोटी नाही. दुसरा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवलात तो आता घेऊ. गर्भधारणा होत असेल, पण कधी? रात्री दोन वाजता, 45 फॅरेनहाइटला. दिवसभर नर उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारावर किंवा ओढ्याकाठी पडून राहतो.

वसंतराव : पेनसिल्व्हेनियात हरणांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून पेन स्टेट विद्यापीठाने हालचाली टिपल्या. पाऊस, वारा, तापमान यांचा परिणाम शिकारी समजतात त्याच्या मानाने किरकोळच निघाला. पहाट आणि संध्याकाळ या दोन वेळांना जास्त फिरायचं, ही लय सुटत नाही.

निखिल : सरासरीत सुटत नाही. अभ्यासकाला संध्याकाळ म्हणजे दोन-तीन तासांचा पट्टा. माझ्याकडे असतात शेवटची वीस मिनिटं. थंडीत नर चारला झाडीबाहेर येतो, उकाड्यात पाच वाजता. सूर्य मावळतो साडेचार-पावणेपाचला. अभ्यासकाच्या तक्त्यात हा फरक दिसणारही नाही, पण माझ्या दृष्टीने सगळा हंगाम त्यात आला. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर काही मिनिटांपर्यंतच बाण सोडता येतो. उकाडा माज थांबवत नाही, हे मी मान्य करतो. तो माजाला कायद्याच्या वेळेबाहेर ढकलतो.

वसंतराव : हे बोललास ते पटण्यासारखं आहे. पण यात तुझा स्वतःचाही हिशेब धर. थंडीच्या दिवशी तुम्ही पहाटेपासून अंधार पडेपर्यंत मचाणावर ठाण मांडता. उकाड्यात घाम फुटला की नऊला उतरता. पाहणारा निम्मा वेळच बसला तर दिसणारी हरणंही निम्मीच होणार. आणि माजातला नर दुपारीही हलतो, कारण एकेक मादी जेमतेम एक-दोन दिवस माजावर असते. तेवढ्यात तिला गाठली नाही तर तिच्यासाठी पुन्हा महिनाभर थांबावं लागतं. म्हणून तर या काळात नराच्या वजनात पाव हिश्श्यापर्यंत घट होते. असा जीव सावलीत झोपून महिना काढत नाही.

निखिल : दुपारी बसत नाही, कारण घाम. तीस पावलांपर्यंत येऊ शकणाऱ्या नराला घामाचा वास नव्वद पावलांवरच कळतो. शिवाय ऊन तापलं की उतारावरची हवा वर चढते आणि माझा वास माथ्यावर नेते, सूर्य कलला की तीच हवा दरीत उतरते. ढगाळ थंडीत हे वारे मंद असतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दहा वाजता सगळा उतार माझ्या वासाने भरलेला असतो. हरीण हलत असेलही, पण मला टाळून हलतं.

वसंतराव : म्हणजे उकाडा तुला झाला, हरणाला नाही.

निखिल : दोघांना झाला. आणि नुसत्या माझ्या एकट्याच्या सांगण्यावर जाऊ नका. उबदार हंगामात सगळ्या राज्याची शिकार घसरते.

वसंतराव : निवृत्त झालो तरी तक्ते चाळायची खोड गेली नाही, म्हणून हे बघून ठेवलंय. तुमच्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामात 2018 मध्ये सुमारे 2 लाख 11 हजार हरणं नोंदली गेली. 2019 मध्ये सुमारे 1 लाख 60 हजार. एका वर्षात जवळपास चौथाई घट. शिकाऱ्यांनी काय काय कारणं दिली असतील ती दिली असतील. कॅलेंडर उघडून बघ. हंगाम थँक्सगिव्हिंगला बांधलेला आहे, आणि तो सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. 2018 मध्ये हंगाम 17 नोव्हेंबरला उघडला, म्हणजे येऊ शकतो तितका लवकर. 2019 मध्ये 23 ला, म्हणजे येऊ शकतो तितका उशिरा. सहा दिवसांत माज बराच ओसरला होता. हरणं तीच, माज तोच, तुम्ही उशिरा पोचलात.

निखिल : त्या वर्षी पावसाने मका काढायचा राहिला होता, हेही धरा. उभ्या मक्यात हरीण शिरलं की कुणाच्या दृष्टीस पडत नाही.

वसंतराव : धरतो. म्हणजे कॅलेंडर, मका, बर्फ आहे की नाही, किती माणसं किती वेळ बसली, या सगळ्यांत उकाडा हे एक कारण. तुमच्या बोलण्यात मात्र ते एकटंच असतं. दोष हवेवर टाकला की कुणाला काही बदलावं लागत नाही.

निखिल : एका बाबतीत उकाड्याचा दोष निर्विवाद आहे, फक्त तो नोव्हेंबरातला नाही. कोरड्या, गरम उन्हाळ्याच्या शेवटी चिखलाट पाणवठ्यांवर बारीक चिलटं वाढतात आणि त्यांच्या चाव्यातून हरणांना ईएचडी नावाचा रक्तस्रावाचा ताप होतो. तापलेली हरणं पाण्याकडे जातात आणि तिथेच मरतात. पहिल्यांदा दव गोठून पांढरं पडलं की चिलटं मरतात आणि साथ थांबते. थंडी जितकी उशिरा येते तितकी साथ लांबते. पण शिकारी तेव्हा मचाणावर नसतो, म्हणून त्याची चर्चा कमी.

वसंतराव : आता मला एक सांग. हलतं की नाही हलतं यावर आपण तासभर बोललो. समज, हललं. संध्याकाळी साडेचारला, 68 फॅरेनहाइटमध्ये, नर समोर आला. बाण सोडलास. मग?

निखिल : बाण फुप्फुसांतून गेला तर काही सेकंदांचा खेळ. शंभर-सव्वाशे पावलांत जनावर कोसळतं. तासाभरात मी त्याच्याजवळ असतो.

वसंतराव : आणि पोटात गेला तर?

निखिल : तर अवघड. पोटात लागलेलं हरीण थोड्या अंतरावर जाऊन बसतं. त्याला तिथे शांत राहू दिलं तर ते तिथेच मरतं, पण त्याला आठ-दहा तास लागू शकतात. घाईने मागे गेलो तर ते उठून पळतं, रक्त गळायचं थांबलेलं असतं, आणि मग मैलभरात कुठेही पडतं. म्हणून नियम असा की रात्रभर थांबायचं आणि उजाडल्यावर माग काढायचा.

वसंतराव : रात्रभर थांबल्यावर मांसाचं काय होतं?

निखिल : थंडीत काही होत नाही. उकाड्यात जातं. 40 फॅरेनहाइटच्या, आपल्या 4 अंशांच्या, वर जिवाणू झपाट्याने वाढतात. फुटलेल्या पोटातली घाण आतच असते. मेल्यावरही तो हिवाळी कोट उष्णता बाहेर जाऊ देत नाही, मांड्यांच्या हाडाजवळचं मांस सगळ्यात आधी आंबतं. वर कोल्ह्यांच्या जातीचे कायोटी रात्रीत निम्मं फस्त करतात. एरवी आम्ही हरीण गॅरेजात चार दिवस टांगून ठेवतो. अशा हवेत पोट लगेच उघडायचं, आतडी काढायची, छातीत बर्फाच्या पिशव्या भरायच्या, त्याच रात्री कातडं सोलायचं.

वसंतराव : म्हणजे थांबलं तर मांस नासतं, न थांबलं तर जखमी जनावर हरवतं. थंडीत पाचर एकाच बाजूने बसते, उकाड्यात दोन्हीकडून. तुमच्या सगळ्या बोलण्यात उकाडा म्हणजे हरीण कमी दिसणं. मला विचारशील तर उकाड्याचं खरं ओझं इथे आहे, बाण सुटल्यानंतर. थंडीत चूक पोटात घालायला रात्र असते. उकाड्यात ती रात्रच मिळत नाही.

निखिल : त्यावर उपाय आहेत. साखळीला बांधलेला माग काढणारा कुत्रा वापरायला इथे आता परवानगी आहे. रक्त नसलं तरी कुत्रा वासावर जातो.

वसंतराव : कुत्रा हरीण शोधून देईल. मांस परत ताजं करून देईल का? अशा दिवशी संध्याकाळी मचाणावर जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी तर म्हणतो, कायद्यानेच थांबवावं.

निखिल : तापमानावर चालणारा कायदा अमेरिकेला नवीन नाही. माँटानात नदीचं पाणी ओळीने तीन दिवस 73 फॅरेनहाइटला पोचलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत त्या पट्ट्यात मासेमारी बंद होऊ शकते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, गळाला लागून सुटलेला ट्राउट जगत नाही. पण हरणाचं तसं नाही. इथे सोडून देण्याचा खेळ नसतो. आणि राज्याला हरणं कमी मारायची नाहीत, दक्षिणेत तर जास्त मारायची आहेत. 2002 पासून इथल्या हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदू पोखरणारा असाध्य रोग आहे, गर्दी वाढली की तो वाढतो. गरम दिवस बंद करत गेलो तर माद्यांची शिकार आणखी घटेल. लिओपोल्डचं नाव तुम्ही काढलंत; 1943 मध्ये माद्या आणि पाडसंही मारू द्या म्हणून त्यानेच हरणांनी ओरबाडलेल्या जंगलाची बाजू घेतली होती आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

वसंतराव : त्याने मारू द्या म्हटलं, नासू द्या म्हटलं नाही.

निखिल : मान्य. म्हणून बंदीऐवजी मी शिकाऱ्यावर सोडतो. त्याला पाहणारं रानात कुणी नसतं, हेही लिओपोल्डनेच बजावलं होतं. माझं म्हणणं असं : पारा 55 च्या वर असेल तर संध्याकाळ सोडायची, सकाळ घ्यायची. सकाळी जखमी झालं तर उजेडाचे आठ-नऊ तास हाताशी असतात. अंतर वीस पावलांच्या आत. जनावर आडवं आणि उभं, चालतं नाही. गाडीत बर्फ आधीच भरलेला. सोबत कुणी तरी असलंच पाहिजे.

वसंतराव : आणि साडेचारला, उकाडा तसाच असताना, तू नुसता बघायला म्हणून मचाणावर बसलास आणि दहा टोकांच्या शिंगांचा नर पस्तीस पावलांवर उभा राहिला तर?

निखिल : तर हात शिवशिवणार. त्याचसाठी नियम आत्ता ठरवतोय, जेवणाच्या टेबलावर. मचाणावर बसून ठरवलेला नियम शिंगांच्या मापाने वाकतो. आणि नुसतं बघायला जायचं असेल तर धनुष्य गाडीतच राहील, हेही त्यात घाला.

वसंतराव : एवढं पटलं. मी उभ्या नोकरीत पकडलेल्या प्रत्येकाकडे त्या क्षणाचं काहीतरी सबळ कारण होतं. पण वीस पावलं मला मान्य नाहीत. उन्हाळ्यात सराव बंद ठेवून ऑक्टोबरात धनुष्य काढणाऱ्याला पंधरा पुरेत.

निखिल : सराव बंद नव्हता, मामाजी. अंगणात निशाण लावलेलं आहे. उद्या वीस पावलांवरून दहा बाण मारतो. एक जरी वर्तुळाबाहेर गेला, तर पंधरा.